चित्रकार कुठे उभा होता?

माझा भाचा पॅरिसला असतो. मागच्या हिवाळ्यात गाडी लेट आहे, स्टेशनावर बसलोय, असं सांगणारा त्याचा सेल्फी आला. स्टेशन गार द लेस्ट, म्हणजे पूर्वेकडच्या गाड्यांचं. त्याच्या डोक्यामागे भिंतीवर एक अवाढव्य चित्र अर्धवट दिसत होतं. मी लिहिलं, "अरे, जरा वळून त्याचा नीट फोटो काढ." तो म्हणाला, "मामा, ते कायमच असतं तिथे. कुणी बघत नाही." पण काढला बिचाऱ्याने.

चित्र साधारण १२ मीटर लांब आणि ५ मीटर उंच आहे. काळ ऑगस्ट १९१४. पहिलं महायुद्ध नुकतंच सुरू झालंय आणि याच स्टेशनावरून फ्रेंच सैनिक आघाडीवर निघालेत. मधोमध गाडीत एक तरुण दोन्ही हात वर करून उभा आहे. एका हातात टोपी, दुसऱ्या हातात बंदूक आणि बंदुकीच्या नळीत खोचलेली फुलं. फलाटावर बायका, पोरं, म्हातारी माणसं. कुणी शेवटची मिठी मारतंय, कुणी नुसतंच बघतंय. उजव्या कडेला एक वयस्कर गृहस्थ हातात पुष्पगुच्छ घेऊन उभे आहेत, डाव्या बाजूला एक बाई हात एकमेकांत गुंफून. दोघेही गर्दीत आहेत, पण गर्दीतले वाटत नाहीत.

ते गृहस्थ म्हणजे खुद्द चित्रकार, अमेरिकेचा अल्बर्ट हर्टर. डावीकडची बाई त्याची बायको असावी असं मानतात. आणि गाडीतला फुलवाला तरुण त्यांचा मुलगा एव्हरिट, जून १९१८ मध्ये शातो-तिएरीजवळच्या लढाईत मेलेला. बापाने हे चित्र काढून फ्रान्सला भेट दिलं आणि १९२६ मध्ये ते या स्टेशनात लागलं.

गंमत अशी की चित्रातली मुख्य गोष्ट घडलेलीच नाही. एव्हरिट अमेरिकन फौजेत होता. अमेरिका युद्धात उतरली एप्रिल १९१७ मध्ये. ऑगस्ट १९१४ मध्ये फ्रेंच गणवेश घालून गार द लेस्टवरून तो कुठे गेला नाही, आणि आईबाप त्याला सोडायला त्या फलाटावर आले नाहीत. मेलेल्या मुलाला बापाने दुसऱ्यांच्या मुलांच्या गाडीत बसवलं आणि निरोप द्यायला स्वतः फलाटावर जाऊन उभा राहिला.

तरी मला हे चित्र खोटं वाटत नाही. का वाटत नाही, यावर बरेच दिवस विचार करत होतो. त्यातून एक सवय लागली. युद्धातल्या रेल्वेचं कुठलंही चित्र समोर आलं की मी आधी विचारतो, काढणारा कुठे उभा होता? माझं म्हणणं असं की हा प्रश्न माझ्यासारख्या रिकामटेकड्याने विचारण्यापुरता ठेवू नये. संग्रहालयांनी त्याचं उत्तर चित्राखालच्या पाटीवर लिहावं. कॅनव्हास की कागद, तैलरंग की शाई, लांबी-रुंदी, देणगीदाराचं नाव, हे सगळं आपण इमानेइतबारे लिहितो. माणूस कुठे उभा राहून बघत होता, एवढं मात्र लिहीत नाही.

इतर युद्धचित्रांपेक्षा रेल्वेच्या चित्रांत हा प्रश्न जास्त टोचतो, कारण रेल्वे हे युद्धाचं सगळ्यात सभ्य दिसणारं अंग आहे. तोफेचं चित्र काढलं तर तोफ काय करते हे लपत नाही. आगगाडी मात्र युद्धातही आगगाडीच दिसते. तेच इंजिन, तोच धूर, तोच गार्डचा झेंडा. शिवाय फलाटावरून बघणाऱ्याला गाडी सुटताना दिसते, ती पोचते कुठे ते दिसत नाही. बहुतेक चित्रकार फलाटावरच उभे होते.

काही तर फलाटावरही नव्हते. जीनो सेव्हेरीनी हा इटालियन चित्रकार १९१५ मध्ये पॅरिसमध्ये राहत होता, तब्येतीने खंगलेला. डांफेर-रोशरो स्टेशनाजवळच्या त्याच्या जागेतून रात्रंदिवस गाड्या जाताना दिसायच्या. दारूगोळा, शिपाई, जखमी. त्या वर्षी त्याने काढलेलं चिलखती गाडीचं चित्र आज न्यूयॉर्कच्या मोमा संग्रहालयात आहे. गाडी वरून बघितलेली, आत पाच शिपाई दाटीवाटीने बसलेले, पाचही बंदुका एकाच दिशेला, एकालाही चेहरा नाही. पुढे तोफ धडाडतेय आणि धुराचेसुद्धा काचेसारखे धारदार तुकडे झालेत. चित्र देखणं आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण या माणसाने चिलखती गाडी चालताना बघितली नव्हती. बेल्जियमच्या एका गाडीचा छापलेला फोटो त्याच्यापुढे होता, आणि खिडकीबाहेरून जाणाऱ्या गाड्यांचा खडखडाट. हे पाटीवर वाचलं तर चित्राची किंमत कमी होते का? उलट त्या बिनचेहऱ्याच्या पाच जणांचा उलगडा होतो. उंचावरच्या खिडकीतून असो की छापील फोटोतून, चेहरे दिसतच नाहीत.

आणखी उंचावरून बघितलं तर काय होतं ते हेलन मॅकीच्या पोस्टरांत दिसतं. लंडनच्या वॉटर्लू स्टेशनाला १९४८ मध्ये शंभर वर्षं होणार म्हणून सदर्न रेल्वेने तिच्याकडून जोडपोस्टर करून घेतली, एक युद्धातलं वॉटर्लू आणि एक शांततेतलं. दोन्हींत स्टेशनाच्या मोठ्या दालनाचं छतालगतून दिसावं तसं दृश्य आणि खाली शेकडो माणसं. खुबी अशी की युद्धाच्या चित्रात जो जिथे ज्या पवित्र्यात उभा आहे, शांततेच्या चित्रात बरोबर तिथे, त्याच पवित्र्यात दुसरं कुणीतरी आहे. खाकीच्या जागी साधे कपडे, किटबॅगच्या जागी सुटीचं सामान. दोन्ही चित्रं शेजारी ठेवून एकेक माणूस ताडून बघायला मजा येते, मी त्यात अख्खी दुपार घालवलीय. पोस्टरवर मजकूर आहे तो शंभर वर्षांच्या अखंड सेवेचा. आता, वॉटर्लूवर जर्मन बॉम्ब पडले होते आणि सेवा काही काळ बंदही पडली होती. पण छताजवळून बघणाऱ्याला गर्दी वाहती असली की पुरतं. ही कंपनीची नजर आहे, आणि कंपनीने अशा नजरेने बघण्यात काही पापही नाही. फक्त ती कंपनीची आहे एवढं समजलं पाहिजे.

आता एका घरातली गोष्ट सांगतो. माझ्या प्रश्नाचं याहून चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही.

बर्नार्ड मेनिन्स्की हा लंडनमधला चित्रकार. १९१८ मध्ये ब्रिटिश सरकारसाठी त्याने व्हिक्टोरिया स्टेशनावर रजेची गाडी येते त्याचं चित्र काढलं. फ्रान्सच्या चिखलातून थोड्या दिवसांच्या सुटीवर आलेले शिपाई, खांद्यावर ओझी, फलाटभर रेटारेटी. चित्र लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियममध्ये आहे. पुढच्या वर्षी, १९१९ मध्ये, त्याला मुलगा झाला, फिलिप. तोही चित्रं काढू लागला. दुसऱ्या महायुद्धात तो फौजेत गेला, फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडलं तेव्हा जपान्यांच्या हाती लागला आणि सयाम-ब्रह्मदेश रेल्वेच्या कामावर पाठवला गेला. तिथे त्याने चोरून चित्रं काढली. बापाने लढाईच्या रेल्वेचं चित्र काढलं सरकारी परवान्यावर, फलाटावरून. मुलाने काढलं चोरलेल्या कागदावर, पहारेकऱ्याची पाठ वळलेली असताना, जिथे फलाट नव्हता तिथून.

ही सयाम-ब्रह्मदेश रेल्वे म्हणजे थायलंडमधल्या बान पोंगपासून ब्रह्मदेशातल्या थानब्युझायातपर्यंत ४१५ किलोमीटर. जपानी सैन्याला समुद्रमार्ग धोक्याचा झाला होता, म्हणून डोंगर-जंगलातून ही लाइन हवी होती. १९४२ च्या मध्याला काम निघालं आणि १७ ऑक्टोबर १९४३ रोजी दोन्हीकडून आलेले रूळ कोंकोइताला जोडले गेले. कामावर ६० हजारांहून जास्त दोस्त राष्ट्रांचे युद्धकैदी होते. त्यातले सुमारे १३ हजार मेले. कटिंगं खोदायची ती हातोडा आणि पहार मारून, सुरुंगाची भोकं हाताने पाडायची, माती टोपल्यांनी आणि पोत्यांच्या झोळ्यांनी वाहायची. पावसाळ्यात कॉलरा.

या लाइनवरचा जॅक चाल्कर हा लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टची शिष्यवृत्ती मिळवलेला, तोफखान्यात शिपाई. कोन्यूच्या छावणीत एका पहारेकऱ्याने त्याला चित्रांसकट पकडलं. चित्रं फाडली आणि त्याला बेदम मारलं. पुढे त्याने काढणं सोडलं नाही, लपवणं सुधारलं. कागद बांबूच्या नळकांड्यात घालून पुरायचे, झोपडीच्या छपरात खुपसायचे. काही चित्रं एका कैद्याच्या कृत्रिम पायात लपवलेली होती. बघत काय होता तो? पाय बघत होता. उष्ण कटिबंधातला अल्सर घोट्यापासून गुडघ्यापर्यंत चढतो, आतलं हाड दिसायला लागतं. भूल नसताना तो धारदार केलेल्या चमच्याने खरवडून काढायचे. चाल्करने ते सगळं डॉक्टरच्या वहीत असावं तसं नेमकं काढलंय, रोग्याला दाबून धरणाऱ्या हातांसकट. बांबूपासून केलेली सलाइनची सामग्री, बांबूचे पलंग, तेही. एडवर्ड डनलॉप हा ऑस्ट्रेलियन सर्जन छावणीत होता आणि त्याला नोंद हवी होती. कॅमेरा नव्हता, म्हणून चित्रकार. ही चित्रं कलेच्या हौसेने काढलेली नाहीत. ती केसपेपर आहेत.

रोनाल्ड सर्ल पकडला गेला तेव्हा २१ वर्षांचा होता. कॉलऱ्याने मरायला टेकलेल्या माणसांच्या अंथरुणाखाली तो आपली चित्रं दडवायचा, कारण पहारेकरी कॉलऱ्याच्या झोपडीत पाऊल टाकायला घाबरायचे. पुढे तो इंग्लंडचा मोठा व्यंगचित्रकार झाला, लोकांना खदखदून हसवलं. ती जुनी चित्रं, तीनशेच्या आसपास, त्याने १९८६ मध्ये इम्पीरियल वॉर म्युझियमला देऊन टाकली.

मरी ग्रिफिन हा ऑस्ट्रेलियाचा अधिकृत युद्धचित्रकार. तोही सिंगापुरात पकडला गेला, पण त्याला चांगीच्या छावणीतच ठेवलं. रेल्वेवरून जिवंत परतलेली माणसं जे सांगायची त्यावरून त्याने रेल्वेची चित्रं काढली. म्हणजे कैदी तोही, पण रेल्वे ऐकीव. चाल्कर आणि ग्रिफिन यांची चित्रं शेजारी लावली आणि पाटीवर नुसतं 'युद्धकैद्याने काढलेले चित्र' लिहिलं, तर पाटीवर एकही शब्द खोटा नसतो आणि तरी बघणारा फसतो.

याच्या बरोब्बर उलट नमुना टोकियोत आहे. युद्धात मेलेल्या जपान्यांच्या नावाने असलेल्या यासुकुनी देवस्थानाच्या युशुकान संग्रहालयात शिरल्या शिरल्या दालनात एक वाफेचं इंजिन उभं आहे, सी ५६ जातीचं, क्रमांक ३१. जपानातल्या साडेतीन फुटी रुळांसाठी बनवलेलं, नंतर मीटर गेजला जुळवून दक्षिणेकडे पाठवलेलं. याच लाइनच्या उद्‌घाटनाला ते चाललं. १९७९ मध्ये ते थायलंडहून परत आणून तिथे अर्पण केलं. काळंभोर, पुसूनपासून ठेवलेलं, दांडे-चाकं तेल लावल्यासारखी. मला इंजिनांचा नाद आहे, फोटो बघतानाही माझी नजर आधी चाकांच्या मांडणीवरच जाते, ते कबूल करतो. म्हणूनच सांगतो की इंजिन नुसतं उभं केलं की ते आपोआप आपल्या बाजूने साक्ष देतं. त्याच्या खाली कुठले रूळ होते आणि ते कुणी टाकले, हे विचारायला माणसाला मुद्दाम थांबावं लागतं.

आता माझ्याच प्रश्नाची दुसरी बाजू. चाल्कर, सर्ल, धाकटा मेनिन्स्की हे खड्ड्यात उतरून बघत होते, ठीक. पण कुठल्या खड्ड्यात? गोऱ्या कैद्यांच्या. त्याच लाइनवर आशियाई मजूर कैद्यांच्या कितीतरी पट होते. मलायातल्या रबराच्या मळ्यांवरचे तमिळ, जावाचे, ब्रह्मी, मलाय. मजुरी देऊ, थोड्या महिन्यांत परत आणू, असं सांगून कुटुंबंच्या कुटुंबं गाडीत घातली. नंतर नंतर सांगणंही सोडून दिलं, नुसतं धरून नेलं. त्यांच्या मृत्यूचा अंदाज ८० हजार ते १ लाख असा सांगतात. कांचनाबुरीच्या युद्धदफनभूमीत जवळपास सात हजार थडगी आहेत, ओळीने, हिरवळीत, बहुतेकांवर नाव, वय, पलटण. मजुरांच्या वाट्याला अशी ओळ आली नाही.

आणि चित्रं? त्या मळ्यावरच्या माणसांनी स्वतः काढलेलं एकही चित्र मी आजवर पाहिलेलं नाही. याची कारणं समजतात. कैद्यांकडे अधिकारी होते, डॉक्टर होते, जेवणाची नोंद ठेवणारा होता, शिस्त होती. कागद चोरला तर तो लपवायला चार हात होते, लपवणारा मेला तर पुढे नेणारा होता, आणि युद्ध संपल्यावर तो घ्यायला लंडनला आणि कॅनबेराला संग्रहालय होतं. मजुरांच्या छावणीत यातलं काहीच नव्हतं. कॉलरा आला की छावणी ओस पडायची. चित्र टिकायला चित्रकार लागतो हे आपण धरून चालतो. खरं तर त्याच्यामागे एक अख्खं बिऱ्हाड लागतं.

म्हणून चाल्करच्या चित्राखाली 'कोन्यू छावणीतून, कैद्यांच्या बाजूने' असं लिहिलं तर त्यात चाल्करचा अपमान नाही. त्याला पलीकडची छावणी दिसत नव्हती किंवा जेमतेम दिसत होती, एवढाच त्याचा अर्थ. उभं राहण्याची जागा सांगितली की न दिसणारी बाजूही आपोआप सांगितली जाते. (जाता जाता, त्या प्रसिद्ध पुलाखालच्या नदीचं मूळ नाव मे क्लोंग. 'द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय' या गाजलेल्या चित्रपटात दुसरं नाव होतं, पर्यटक तेच विचारत येऊ लागले, तेव्हा १९६० च्या सुमारास नदीच्या त्या भागाचंच नाव बदललं. चित्राची ताकद मोजायला याहून वेगळी पट्टी नको.)

इथपर्यंत हे सगळं लांबचं होतं. आता जरा जवळ येऊ.

१९१४ च्या ऑक्टोबरात मुंबईच्या बंदरातून सहाव्या पूना डिव्हिजनची पहिली ब्रिगेड निघाली ती मेसोपोटेमियाला, म्हणजे आजच्या इराकला. या डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी होत्या. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूरकडची पोरं. डिसेंबर १९१५ मध्ये हे सैन्य कुट अल-अमाराला वेढलं गेलं आणि जवळजवळ पाच महिन्यांनी, २९ एप्रिल १९१६ रोजी, उपासमारीने शरण आलं. सुमारे तेरा हजार माणसं तुर्कांच्या कैदेत गेली. त्यातले बहुसंख्य हिंदी शिपाई आणि त्यांच्याबरोबरचे भिश्ती, खानसामे, खेचरवाले. वाळवंटातून पायी हाकलत नेलं. वाटेत पडले ते पडले. उरलेल्यांपैकी कितीतरी हिंदी कैद्यांना आजच्या सीरियातल्या रास अल-ऐनला रेल्वेच्या कामाला लावलं. बर्लिन-बगदाद म्हणून जी रेल्वे गाजली, तिचं टोक तेव्हा तिथे होतं आणि रूळ पुढे नुसैबिनच्या दिशेने न्यायचे होते.

त्याच वेळी खाली बसऱ्याकडून इंग्रजांची लष्करी रेल्वे वर सरकत होती. तिचे रूळ, इंजिनं, वाघिणी आणि राबणारी माणसं भारतातून गेलेली. म्हणजे एकाच युद्धात, एकाच तुर्की साम्राज्यात, दोन्ही बाजूंच्या रुळांखाली आपलेच हात होते. हे मला शाळेत कुणी शिकवलं नाही.

या बगदाद रेल्वेचं एक चित्र मात्र आहे. छायाचित्र आहे, आणि ते कुठून घेतलं गेलं हे बघण्यासारखं आहे. ऑक्टोबर १९१५ मध्ये अनातोलिया रेल्वेचा वरिष्ठ अधिकारी फ्रान्झ ग्युंटर याने बर्लिनला डॉइश बँकेच्या आर्थर फॉन ग्विनरला पत्र लिहिलं आणि सोबत एक छोटा फोटो जोडला. बँकेचा या रेल्वेत पैसा होता. फोटोत मेंढ्या वाहायच्या वाघिणी आणि त्यांत कोंबलेली आर्मेनियन माणसं, तुर्की सरकारने देशोधडीला लावलेली. दहा वाघिणींत ८८० माणसं, असा हिशेब त्याने लिहिला, आणि वर कडवट शेरा मारला की आपली रेल्वे तुर्कस्तानात संस्कृती कशी वाहून नेते त्याचं हे चित्र. त्या माणसाला कळत होतं. तरी तो उभा होता रेल्वेच्याच बाजूला, फोटो जायचा होता बँकेत. याच रेल्वेच्या अमानस डोंगरातल्या बोगद्यांवर राबणाऱ्या आर्मेनियन मजुरांना १९१६ च्या उन्हाळ्यात हाकललं गेलं, बहुतेक वाटेत मारले गेले. त्यांच्या रिकाम्या झालेल्या कामावर आणले गेले ते कुटचे कैदी.

रास अल-ऐनला राबणाऱ्या मराठा शिपायाने काढलेलं चित्र माझ्या पाहण्यात नाही. लिहिलेलंही फारच थोडं. बंगालच्या अॅम्ब्युलन्स कोअरमधल्या शिशिरप्रसाद सर्वाधिकारींनी रोजनिशी ठेवली, कागद फाडून बुटात लपवून ती जगवली, म्हणून रास अल-ऐनच्या इस्पितळाबद्दल आज चार गोष्टी कळतात. ते बंगाली, शिकलेले, इस्पितळात कामाला. पहार धरणाऱ्याचा हात वेगळा.

ही मोकळी जागा कशी भरायची, हा माझ्या दृष्टीने आजचा खरा प्रश्न आहे, आणि तो माझ्यापुढे आला तो आमच्या गावाकडच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर. आमच्या एका चुलत काकांनी चित्र टाकलं, 'कुटचे मराठे वीर तुर्कांच्या रेल्वेवर राबताना'. सोनेरी संध्याकाळ, मागे उंटांची रांग, पुढे आठ-दहा धिप्पाड शिपाई, फेटे परीटघडीचे, मिशा पिळलेल्या, पट्ट्या पायाला चापूनचोपून. पाच महिने उपाशी राहिलेली आणि त्यावर शेकडो मैल चाललेली ही माणसं. एकाच्या पायाला फोड नाही. मग रुळांकडे बघितलं तर निम्मे स्लीपर रुळांना आडवे आणि निम्मे चक्क समांतर. त्या लाइनवरून उंटही गेला नसता, गाडी सोडाच.

मी ग्रुपवर लिहिलं, "काका, हे एआयचं आहे." काकांचं उत्तर आलं, "माहीत आहे. पण पोरांना कळायला नको का? तुमच्या गोऱ्यांची चित्रं आहेत, आपली नाहीत. मग बसायचं गप्प?"

काकांचा राग मला पटला. आमच्याकडे स्टेशनं रंगवतात, छान रंगवतात. मधुबनी स्टेशनाच्या भिंती मधुबनी चित्रांनी भरल्यात, बल्लारशाह आणि चंद्रपूरला ताडोबाचे वाघ आहेत. वाघाला माझी हरकत नाही. पण ज्या मुंबईतून ही माणसं गेली, आणि ज्या मुंबईत जखमी होऊन परत आली, तिथल्या स्टेशनात मी तरी त्यांच्यासाठी भिंतीचा एक कोपरा पाहिलेला नाही. आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची इमारत पहिल्या महायुद्धात लष्करी इस्पितळ होती. त्या घुमटाखाली मूर्ती आणि लघुचित्रं बघत फिरताना हे किती जणांच्या मनात येतं?

काकांचा उपाय मात्र मला मान्य नाही, आणि हर्टरचं चित्र मला पुन्हा आठवलं ते इथेच. कुणी म्हणेल, हर्टरनेही न घडलेलंच काढलं, मग काकांच्या चित्रात वेगळं काय? वेगळं हे की हर्टर त्यात स्वतः उभा आहे. फुलं हातात घेऊन, मेलेल्या पोराकडे बघत, म्हातारा होऊन. खोटं कोण बोलतंय आणि कशासाठी, ते भिंतीवर १२ मीटर लांब लिहिलेलं आहे. उद्या सातारकडच्या एखाद्या चित्रकाराने आपल्या पणजोबांना रास अल-ऐनला राबताना काढलं, मनाने काढलं, आणि खाली सही करून लिहिलं की मी पणतू, मी तिथे नव्हतो, घरात एवढंच सांगितलं जायचं, तर मी ते चित्र स्टेशनात लावायला वर्गणी काढीन. काकांनी पाठवलेल्या चित्रात कुणीच कुठेच उभं नाही. ते हजार दुसऱ्या चित्रांच्या सरासरीतून आलंय, आणि त्या हजारांत आपली पोरं मुळात नव्हतीच. म्हणून तर फेटे परीटघडीचे आले. एकदा का असं चित्र 'जुना दुर्मिळ फोटो' म्हणून फिरायला लागलं की मोकळी जागा भरल्यासारखी दिसते, आणि खरं काही शोधायला कुणी उठत नाही. एखाद्या घरात ट्रंकेच्या तळाशी कैदेतून आलेलं कार्ड असेल, तर ते तिथेच राहील.

माझ्या हातात असतं तर मी एक दालन असं लावलं असतं. ग्युंटरचा फोटो, खाली तो कुणी कुणाला पाठवला ते. शिशिरप्रसादांच्या रोजनिशीतला उतारा, खाली ते कुठे कामाला होते ते. चाल्करचा पाय, सेव्हेरीनीची खिडकी, मॅकीचं छत, हवं तर एक चकचकीत इंजिनही. आणि रास अल-ऐनच्या नावाची एक पाटी, तिच्यावर फक्त पलटणींचे आकडे आणि वर्षं, वरती भिंत कोरी. लोक म्हणतील, पैसे देऊन आम्ही भिंत बघायची का? बघा की चार मिनिटं.

हे सगळं मी काकांना फोनवर सांगितलं, जरा मोठ्याच आवाजात. ते म्हणाले, "बरं." काकांचं 'बरं' म्हणजे पटलं असं नव्हे.

चित्र त्यांनी ग्रुपवरून काढलं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याखाली आणखी एक फोटो आला. आमच्या भागात बऱ्याच गावांत असते तशी दगडी पाटी, या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात इतके गेले, त्यातले इतके कामी आले, एवढंच सांगणारी. नावं नाहीत. भिंतीला चुना देताना पाटीच्या कडांवरही चुना आलाय आणि एका आकड्याचा खालचा अर्धा भाग बुजलाय. काकांनी तो नखाने खरवडायचा प्रयत्न केलेला दिसतो, ताज्या रेघा आहेत. ऊन त्यांच्या पाठीमागून येत होतं. पाटीवर खांद्यापासून वर काकांची सावली पडलीय, टोपीसकट, मोबाइल धरलेले दोन्ही हात वर.